मितालीचे सहा पाळणे

हिगाशी-कसाई, टोकियो
९ सप्टेंबर २०२४

आत्या,

नमस्कार. अंबरीष म्हणाला, "फोन करू नकोस. आत्याला नव्या कानयंत्रातून फक्त स्वतःचा आवाज ऐकू येतो. पत्र लिही." म्हणून कोपऱ्यावरच्या कोम्बिनी दुकानातून पाकिटं आणि तिकिटं घेऊन आले. तिथल्या मुलीने दोनदा विचारलं, खरंच पाकिटंच हवीत ना.

मला तुमची मदत हवी आहे. एप्रिलपासून मी इथल्या आपल्या भारतीय शाळेत तिसरीच्या वर्गावर मदतनीस आहे, हे तुम्हाला माहीत आहे. मदतनीस म्हणजे मुलांचे बूट ओळीत लावायचे, डब्यांची झाकणं उघडून द्यायची, वह्या तपासायच्या, आणि वर्गाच्या बाई रजेवर गेल्या की त्यांचा तास घ्यायचा. पुण्यात मी सॉफ्टवेअर टेस्टर होते. दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधायच्या आणि त्या दुरुस्त झाल्या की नाही ते बघायचं, एवढंच काम. बी.एड. मी पत्रव्यवहाराने केलं. म्हणजे वर्ग असा मी एप्रिलपर्यंत पाहिलाच नव्हता.

आता आमच्या मुख्याध्यापिका कादंबरी मॅडम यांनी सांगितलंय की नोव्हेंबरात मी सगळ्या शिक्षकांसमोर गणिताचा एक पाठ घ्यायचा. तो चांगला झाला तर येत्या एप्रिलपासून तिसरीचा वर्ग माझा. नाही झाला तर शाळा पुढच्या वर्षी मदतनीस ठेवणारच नाही, म्हणजे मी घरी. आत्या, मला तो वर्ग हवा आहे. इतकं काही हवंसं मला बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं.

पण मी बोलायला लागले की पंचवीस मुलं माझ्याहून मोठ्याने बोलतात. मी आवाज चढवला की तीही चढवतात. शुक्रवारी माझा घसा बसला आणि एका मुलाने माझ्यासमोर स्वतःची पाण्याची बाटली आणून ठेवली. तुम्ही कोबेच्या सिस्टरांच्या इंग्रजी शाळेत सगळी नोकरी काढलीत. वर्ग कसा सांभाळतात ते मला शिकवाल का?

तुमची,
अक्षया


कोबे
१३ सप्टेंबर २०२४

अक्षया,

तुझ्या नवऱ्याला सांग, ज्याला अजून सतराचा पाढा येत नाही त्याने दुसऱ्याच्या यंत्रांवर बोलू नये.

तुझं अक्षर वाचता येतं, त्यामुळे उत्तर देते आहे. पत्राने बी.एड. देणारे लोक उद्या पत्राने पोहायलाही शिकवतील, आणि बुडालेल्यांना प्रमाणपत्रं घरपोच येतील. पण त्यात तुझा दोष नाही.

आवाज चढवणं आधी बंद कर. मुंबईत मला शिकवणाऱ्या सिस्टर बेनेडिक्टा कधी ओरडल्या नाहीत. त्यांचा आवाज जितका खाली जाई, तितक्या आमच्या माना पुढे येत. तू इतकी हळू बोल की ऐकायचं असेल तर त्यांना गप्प बसावं लागेल. पहिले दोन दिवस कोणी गप्प बसणार नाही. तिसऱ्या दिवशी एखादी चोंबडी मुलगीच बाकीच्यांना दटावेल. तिला हाताशी धर.

टेबलामागे उभी राहू नकोस. टेबलामागे दुकानदार उभे राहतात. वर्गाच्या मागे जाऊन उभी राहा. मुलांना पाठीमागून बघणारं माणूस जास्त मोठं वाटतं.

आणि फळा. फळा म्हणजे देवघर. त्यावर चूक क्षणभरही राहता कामा नये. मुलांचे डोळे जे बघतात ते धरून ठेवतात. चुकीचं उत्तर आलं की पूस आणि बरोबर लिही, चर्चा नको. डावा हात डस्टरसाठीच दिलेला आहे असं समज. तुमच्या शाळेत स्पंजचे रंगीत तुकडे असतील, त्यांनी नुसतं फासलं जातं. मी कुरिअरने माझं डस्टर पाठवते आहे. शिसवी लाकडाचं आहे, सांभाळून वापर.

इथे सगळं ठीक. उल्हास आणि सोनल ऑफिसला, नात शाळेत, मी घरी. ईश्वरी आता दुसरीत आहे. रोज शाळेतून आली की मी तिचा गृहपाठ घेते. ती लिहिते आणि मी शेजारी खोडरबर घेऊन बसते. चूक वहीत वाळायच्या आत गेली पाहिजे. हल्ली तिला उठायची फार घाई असते.

सुमेधा आत्या


हिगाशी-कसाई
३० सप्टेंबर २०२४

आत्या,

डस्टर पोचलं. वर्गात सगळ्यांनी ते हातात घेऊन बघितलं. एकाने विचारलं, "हे मारायचं आहे का?" मी नाही म्हटलं तर तो जरा हिरमुसला.

हळू बोलण्याचं जमलं. तुम्ही म्हणालात तसंच, तिसऱ्या दिवशी एका मुलीने मागे वळून जपानीत सगळ्यांना झापलं. मागे उभं राहण्याचाही उपयोग झाला. मागून मला पहिल्यांदा दिसलं की कोण बाकाखाली चित्रं काढतं आणि कोण नुसतं घाबरून बसतं. हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नव्हतं. तुमचे उपकार मानते.

पण एक गोष्ट झाली आहे आणि ती मनातून जात नाही.

गेल्या आठवड्यात वर्गाच्या बाई रजेवर होत्या आणि अपूर्णांक मी घेतले. फळ्यावर विचारलं, एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? मिताली नावाची मुलगी आहे, तिचे वडील बँकेच्या बदलीवर आलेत. शांत, पण हात नेहमी वर. ती पुढे आली आणि एक चतुर्थांशाला गोल केला. म्हणाली, "चार मोठे ना." मी डाव्या हाताने पुसलं, एक तृतीयांशाला गोल केला आणि पुढे गेले. सगळं मिळून एक श्वासभर. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

मागे ओगावा-सेन्सेई बसल्या होत्या. सरकारी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या बाई आहेत. नव्या शिक्षिकांना शिकवायला मॅडम त्यांना आठवड्यातून एकदा बोलावतात. त्या मुलांच्या छोट्या खुर्चीत बसतात, गुडघे जवळजवळ हनुवटीला. तास संपल्यावर माझ्याशी नेहमीच्या सोप्या जपानीत, सावकाश बोलल्या. एवढंच विचारलं, "मिताली-सानचं उत्तर कुठे गेलं?"

मी म्हटलं, "चुकीचं होतं, म्हणून पुसलं."

"फळ्यावरून गेलं," त्या म्हणाल्या. "अजून किती मुलांचं तेच उत्तर होतं?"

मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी वह्या बघितल्या तर अकरा जणांनी मनातून चारच मोठे धरले होते. सगळ्यांनी माझा गोल नीट उतरवून घेतला होता, आणि खालच्या उदाहरणांत पुन्हा आपलंच उत्तर लिहिलं होतं.

आणि मितालीचा हात त्या दिवसापासून वर आलेला नाही. विचारलं तर उभी राहते आणि जमिनीकडे बघते. काय करू?

अक्षया


कोबे
४ ऑक्टोबर २०२४

अक्षया,

काय करू म्हणजे? अकरा मुलांना अपूर्णांक पुन्हा शिकव.

तुझ्या ओगावाबाई निवृत्त आहेत, मीही आहे. फरक इतकाच की मी घरी बसते आणि दुसऱ्याच्या वर्गात गुडघे हनुवटीला लावून बसत नाही. उत्तर कुठे गेलं म्हणे. कचऱ्यात गेलं. या देशात कचरा पाच पिशव्यांत वेगळा करून वारानुसार बाहेर ठेवतात, आता चुकीच्या उत्तरांसाठीही वार ठरवतील. डॉक्टरने फोड कापला तर फोड कुठे गेला असं कोणी विचारतं का?

मुलं हल्ली फुलाने दुखावली जातात. आमच्या वेळी सिस्टर आमच्या वह्या उभ्या फाडत. मुली रडल्या, घरी गेल्या, दुसऱ्या दिवशी बरोबर उत्तर घेऊन आल्या. मी शिकवलेल्या मुली आज सर्जन आहेत, न्यायाधीश आहेत, एक तर विमान चालवते. त्यातल्या कोणीही मला पत्र लिहून सांगितलं नाही की तुम्ही पुसल्यामुळे माझा हात वर येईना. तसं कोणी पत्र लिहीतही नाही म्हणा.

तुझी मिताली चार दिवसांत बोलायला लागेल. तिच्याकडे लक्ष देऊ नकोस, त्याने मुलं शेफारतात.

ईश्वरी आता गृहपाठ आपल्या खोलीत, दार लावून करते. मोठी झाली. सोनल म्हणते, "करू द्या ना आई तिला एकटीला." करू दे. मला दुपारी तेवढाच वेळ मिळतो.

तिच्या शाळेत याच महिन्यात पालकांनी वर्ग बघायला यायचा दिवस आहे. उल्हास-सोनलला सुट्टी नाही, म्हणून मी जाणार आहे. इतकी वर्षं कोबेत राहून जपानी शाळेच्या वर्गात मी कधी पाय टाकला नाही. आता स्वतःच्या डोळ्यांनी बघते आणि तुला कळवते, म्हणजे ओगावाबाईंना काय उत्तर द्यायचं ते तुझ्या हातात राहील.

आत्या


हिगाशी-कसाई
१५ ऑक्टोबर २०२४

आत्या,

चार दिवस होऊन गेले. मिताली बोललेली नाही. तिच्या आईला स्टेशनवर भेटले. ती म्हणाली, "घरी म्हणते, मला गणित येत नाही, म्हणून मी गणितात बोलत नाही." मराठीत विचारलं तर जपानीत उत्तर देते, आणि जपानीत विचारलं तर खोलीत जाते.

शुक्रवारी ओगावा-सेन्सेईंनी चौथीचा एक तास स्वतः घेऊन दाखवला. त्यांनी फळा एकदाही पुसला नाही. डावीकडे प्रश्न, मग एकेका मुलाचं उत्तर, खाली त्याचं नाव, चूक असो की बरोबर. तास संपला तेव्हा डावीकडून उजवीकडे वाचलं की वर्ग कुठून निघाला आणि कुठे पोचला ते दिसत होतं, चुकलेल्या वाटांसकट. मी फळ्याचा फोटो काढला. अंबरीषला दाखवला तर म्हणाला, "हा तर आमच्या ऑफिसचा व्हाइटबोर्ड दिसतोय." ते कौतुक होतं की टीका, कळलं नाही.

कादंबरी मॅडमना मात्र स्वच्छ फळा आवडतो. शेवटी उत्तर, त्याला चौकट, खाली दोन रेघा. आणि वर्ग कोणाला द्यायचा हे त्या ठरवणार आहेत. ओगावा-सेन्सेई नाही ठरवणार, तुम्हीही नाही, आत्या, रागावू नका. मला दोन्हींकडे खरं दिसतं आणि पाठ मात्र एकच घ्यायचा आहे. तुमच्या पत्राची वाट बघते.

अक्षया


कोबे
२३ ऑक्टोबर २०२४

अक्षया,

जाऊन आले. कळवते म्हटलं होतं, म्हणून लिहिते.

आधी दारात बूट काढून त्यांच्या सपाता घालायला लावल्या. त्या कोणत्या मापाच्या माणसांसाठी करतात देव जाणे. मग भिंतीला लागून आम्ही सगळ्या उभ्या. पुढे आया, मी एकटी आजी. ईश्वरीच्या बाई म्हणजे एक चिमणीएवढी मुलगी, अंगात खेळाच्या तासाचे कपडे.

वजाबाकी चालली होती. एकशे बत्तीसमधून अठ्ठावन्न. बाईंनी विचारलं आणि आपली ईश्वरी उठली, फळ्यापाशी गेली आणि लिहून आली एकशे सव्वीस. एकशे बत्तीसमधून अठ्ठावन्न काढले आणि एकशे सव्वीस उरले. असा कारकून मिळाला तर कुठल्याही सरकारची तिजोरी रिकामी व्हायची नाही.

मी म्हटलं आता पुसतील. पुसलं नाही. त्या बयेने खाली ईश्वरीचं नाव लिहिलं, आणि वर्गाकडे वळून विचारलं, "ईश्वरी-सानच्या मनात काय होतं, कोण सांगेल?" मला तेवढं जपानी कळतं. आणि अक्षया, हात वर आले. एकेक कार्टं उभं राहून माझ्या नातीची चूक समजावून सांगू लागलं. एक म्हणाला, "दोनातून आठ जात नाहीत, म्हणून तिने आठातून दोन काढले." दुसरी म्हणाली, "मीही तसंच करणार होते." तिसऱ्याने तर फळ्यावर जाऊन काठ्यांचे जुडगे काढले आणि दहाचा एक जुडगा सोडून दाखवला. सगळा तास त्या एकशे सव्वीसभोवती फिरला. चौऱ्याहत्तर शेवटी आले, पण एकशे सव्वीस तसंच वर, नावासकट, सगळ्या आयांच्या आणि माझ्या देखत. आणि ज्या मुलीची ही शोभा, ती बाकावर बसून हसत होती. खुशाल.

संध्याकाळी मी उल्हासला म्हटलं, मुख्याध्यापकांना तक्रारीचं पत्र लिहायचं आहे, जपानीत उतरवून दे. तो म्हणाला, "आई, मला पोरीला उद्याही त्याच शाळेत पाठवायचंय." सोनल उठून भांडी घासायला गेली, भांडी घासायचं यंत्र असताना.

आता ओगावाबाईंना सांग की हा प्रकार मी पाहिला आहे.

आत्या


हिगाशी-कसाई
२९ ऑक्टोबर २०२४

आत्या,

पत्र तीनदा वाचलं. एकच विचारते. ती हसत का होती?

तुम्ही वर्ग मागून बघायला शिकवलंत म्हणून मला हे विचारावंसं वाटलं. तुम्हीही भिंतीला लागून उभ्या होतात. सगळ्यांचे चेहरे सोडून तुम्हाला ईश्वरीचा चेहरा दिसला. ज्या मुलीची शोभा होते ती जमिनीकडे बघते, आत्या. मी ते रोज बघते आहे. त्यानंतर ईश्वरी घरी येऊन काय म्हणाली, ते तुम्ही लिहिलं नाहीत.

मी पाठ ठरवला आहे. नोव्हेंबरच्या शेवटी आमची सहल समुद्राकाठच्या बागेतल्या मोठ्या आकाशपाळण्याला जाणार आहे. मला धरून आम्ही सव्वीस जण. एका पाळण्यात चौघांनी बसायचं असं ठरलंय. किती पाळणे लागतील? भागाकार केला की सहा येतात आणि दोन उरतात, ज्याला इथली मुलं "आमारी" म्हणतात. पुस्तकातलं उत्तर सात, कारण उरलेल्या दोघांनाही बसायचं आहे. अनेक मुलं सहावर थांबतात. मी त्यांना थांबू देणार आहे. काहीही पुसणार नाही, आणि तुमचं डस्टर त्या दिवशी कपाटात राहील.

मॅडमना आवडणार नाही, हे जवळजवळ ठरलेलं आहे. तुम्हालाही आवडणार नाही. पण मितालीचा हात मी खाली आणला, तो वर आणण्याचा दुसरा रस्ता मला दिसत नाही. आणि तो वर आला नाही, तर वर्ग मिळूनही मी त्यात रोज तिच्यासमोर उभी राहणार.

रागावलात तरी उत्तर लिहा.

अक्षया


कोबे
४ नोव्हेंबर २०२४

अक्षया,

ठरवलंसच, तर मला विचारलंस कशाला?

ईश्वरी घरी येऊन काय म्हणाली ते विचारतेस. जेवताना तिने आईबापांना सगळी हकीकत सांगितली, जपानीत, आमटी गार होईपर्यंत. उल्हासने मला सार सांगितलं: आज वर्ग तिच्या उत्तरामुळे वजाबाकी शिकला. पुढे ती बाहुल्या ओळीत मांडून त्यांना एकशे सव्वीस शिकवत होती. मी तुला आधी लिहिलं नाही कारण त्याचा गणिताशी संबंध नाही.

तुझा पाठ फसेल. फसायचाच असेल तर निदान नीट फसव. तुझा चेहरा मला तुझ्या लग्नापासून माहीत आहे. तुला खोटं बोलता येत नाही, भुवया आधी बोलतात. मुलगी सहा म्हणेल आणि तुझ्या भुवया सांगतील की चूक. मग फळ्यावर काय राहिलं आणि काय पुसलं, सारखंच. तेव्हा उत्तर कोणतंही येवो, लिहून घेताना फळ्याकडे तोंड कर.

आणि जिला बोलतं करायचं आहे तिच्या जवळ जाऊ नकोस. जवळ गेलीस की ती तुझ्या कानात बोलेल. वर्गाच्या दुसऱ्या टोकाला जा, म्हणजे तुझ्यापर्यंत पोचायला तिला सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलावं लागेल. मग गप्प राहा. मनात एक पूर्ण प्रार्थना म्हण. आम्ही सिस्टरांची म्हणायचो, तू शुभंकरोति म्हण. संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. तेवढा वेळ गप्प राहणारी शिक्षिका मी अजून पाहिलेली नाही.

आत्या


हिगाशी-कसाई
२२ नोव्हेंबर २०२४

आत्या,

काल पाठ झाला. सगळं क्रमाने सांगते.

मागे दहा-बारा शिक्षक उभे, मध्ये कादंबरी मॅडम, आणि ओगावा-सेन्सेई आपल्या छोट्या खुर्चीत. मी प्रश्न लिहिला. मुलांनी वह्यांत केलं. फिरताना बघितलं, मितालीच्या वहीत सहा होते आणि त्यापुढे काही नव्हतं.

पहिलं उत्तर सात आलं. त्या मुलाने सांगितलं, "सहा भरलेले आणि एकात दोघं." मी फळ्याकडे तोंड करून लिहिलं, खाली नाव. मला तिथेच चौकट काढून मोकळं होता आलं असतं. मॅडमनी घड्याळ बघितलं. मी विचारलं, "अजून कोणाचं वेगळं आहे?" एक म्हणाला, "आठ. कारण उरलेले दोघं म्हणजे मी आणि वरद, आणि मी वरदबरोबर बसणार नाही." वर्ग हसला, वरदही हसला. मी आठ लिहिले.

मग मी खिडकीपाशी गेले, मितालीपासून सगळ्यात लांब, आणि म्हटलं, "मिताली, तुझं?" ती उभी राहिली. जमिनीकडे बघत होती. मी शुभंकरोति सुरू केलं. मागे एक शिक्षिका खोकली. "दीपज्योति नमोऽस्तुते"पाशी पोचले तेव्हा मिताली म्हणाली, "सहा."

मी फळ्यापाशी आले, सहा लिहिले, खाली मिताली लिहिलं. आणि वर्गाला विचारलं, "मितालीच्या मनात काय असेल?"

एक म्हणाला, "ती आमारी विसरली." दुसरी म्हणाली, "दोघं उभे राहतील." तेवढ्यात मिताली म्हणाली, "नाही." कोणी न विचारता, मोठ्याने. "विसरले नाही. दोघं खाली थांबणार आहेत. मी आणि मिस. मला उंच जायची भीती वाटते आणि एकटीला खाली ठेवत नाहीत."

आत्या, तिने आमारी काढली होती. तिला ते दोघं कोण हेही माहीत होतं. सप्टेंबरातलं उत्तर चूक होतं. हे चूक नव्हतंच, आणि एरवी मी ते पुसलं असतं.

मग कोणाला थांबवणं मला जमलं नाही. मलाही भीती वाटते, असं एक मुलगा म्हणाला. मग आता किती पाळणे? तिघं खाली राहिले तर? वरद म्हणाला, तोही खाली राहतो, म्हणजे आठ म्हणणाऱ्याला एकट्याला बसायला नको. फळा भरला. घंटा झाली. चौकट काढायची राहिली.

नंतर सगळे बसले. मॅडम म्हणाल्या, "पुस्तकातलं उत्तर सात आहे. तुमच्या फळ्यावर सहा, सात, आठ तिन्ही आहेत. मूल घरी काय घेऊन जाणार?" मी म्हटलं, सात उद्या पक्कं करीन. माझा आवाज खाली गेला होता, तुम्ही शिकवल्यामुळे नाही, आपोआप. ओगावा-सेन्सेईंनी माझी बाजू घेतली नाही. त्यांनी मॅडमना फक्त विचारलं, "मिताली-सान याआधी तासाला कधी बोलली होती?" वर्गाच्या बाईंनी आठवून सांगितलं, "सप्टेंबरात."

मॅडम उठून फळ्यापाशी गेल्या. बराच वेळ डावीकडून उजवीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "एप्रिलपासून तिसरी तुमची. पण उद्या सातला चौकट दिसली पाहिजे. आणि सहलीच्या फॉर्मवर कोण खाली थांबणार ते आधी विचारत जा, हे माझंही राहिलं होतं."

काल वर्गाची पाळी मितालीची होती, म्हणजे शेवटी फळा तिने पुसायचा. मी कपाटातून तुमचं डस्टर काढून तिला दिलं. म्हणाली, "जड आहे, पण हातात बसतं." तिने आठ पुसले, सात पुसले, बाकी सगळं पुसलं. सहा सगळ्यात शेवटी.

भुवयांबद्दल आणि प्रार्थनेबद्दल नसतं सांगितलंत, तर हे झालं नसतं.

तुमची,
अक्षया


कोबे
२८ नोव्हेंबर २०२४

अक्षया,

घंटा झाली आणि चौकट राहिली. माझ्या शाळेत हा पाठ नापास झाला असता आणि सिस्टरांनी तुला तो शनिवारी पुन्हा घ्यायला लावला असता. वर्ग मिळाला, बरं झालं. तुमच्या मॅडम दिसतात त्यापेक्षा बऱ्या आहेत. ओगावाबाईंना माझा नमस्कार सांग. एवढाच सांग, जास्त काही नको.

त्या पोराला वरदबरोबर का बसायचं नाही याची चौकशी कर. शिक्षिकेचं काम घंटेनंतरच सुरू होतं. आणि त्या मुलीबरोबर खाली थांबशील तेव्हा वर बघत बसू नकोस, तिच्याशी दुसरं काही बोल.

तुझं पत्र मी जेवणाच्या टेबलावर वाचत होते. ईश्वरीने विचारलं, काय आहे. तिला सव्वीस जणांचं उदाहरण घातलं. ती खोलीत जाऊन वही घेऊन आली आणि माझ्या शेजारी बसली. बऱ्याच दिवसांनी. तिने पाळणे काढले, त्यांत माणसं काढली, आणि लिहिलं नऊ. नऊ कुठून आणले ते मला अजून कळलेलं नाही. मी सवयीने हात लांब केला तर खोडरबर जागेवर नव्हता. टेबलाखाली बघितलं, पेन्सिलींच्या डब्यात बघितलं. मग लक्षात आलं, तो तिच्या मुठीत होता. ती माझ्याकडे बघत होती.

मी विचारलं, "नऊ का ग?"

ती सांगायला लागली, जपानीत. मला निम्मं कळलं नाही, पण मी मध्ये बोलले नाही. आज पुन्हा वही घेऊन आली आहे, म्हणून हे पत्र इथेच थांबवते. मूठ अजून मिटलेलीच आहे.

डस्टर परत पाठवू नकोस. त्या मुलीच्या हातात बसतं म्हणतेस.

सुमेधा आत्या